हरलेलेच निवडान येतले

१९ सप्टेंबर २०१४. रात्रभर टीव्हीसमोर जागून, तारवटलेल्या डोळ्यांनी आम्ही ग्लासगोत सकाळचा चहा पीत होतो आणि म्हापशाहून मामाचा फोन आला.

"काय गो बाय, हरले मा तुमचे स्कॉटलंडवाले?"

हरले म्हटलं. ५५ विरुद्ध ४५.

मामा हसला. "बघ तू आता. हरलेलेच निवडान येतले."

मी ते हसण्यावारी नेलं. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का, एवढाच सरळ प्रश्न होता आणि लोकांनी नको म्हणून सांगितलं होतं. स्कॉटलंडचे मुख्यमंत्री आणि स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे (एसएनपी) नेते अॅलेक्स सामंड यांनी त्याच दिवशी पद सोडायची घोषणा केली. आता या एसएनपीला कोण विचारणार? आठ महिन्यांनी ब्रिटनच्या संसदेची निवडणूक झाली आणि स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा एसएनपीने घेतल्या. आधी सहा होत्या. लेबर पक्षाला, ज्याचे इथले बालेकिल्ले पिढ्यान्‌पिढ्या ढळले नव्हते, एक जागा उरली. एसएनपीचे सदस्य पंचवीस हजारांच्या आसपास होते, ते लाखाच्या वर गेले. हरलेले लोक स्वतःला अभिमानाने 'द फॉर्टी-फाइव्ह' म्हणवून घ्यायला लागले. ४५ टक्के म्हणून तर आहेच, पण १७४५ च्या बंडालाही इथे हेच नाव आहे. तेही हरलेलंच बंड!

मामा ज्योतिषी वगैरे नाही. त्याने हा खेळ एकदा पाहिला होता.

१६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित म्हणून वेगळं राहायचं तर दोन पानं. मामा तेव्हा बावीस वर्षांचा, पेडण्यात राहायचा. त्याने फुलाला मत दिलं. माझी आई तोवर लग्न होऊन सावंतवाडीला आली होती. तेरेखोलच्या एका काठाला माहेर, दुसऱ्या काठाला सासर, मध्ये राज्याची हद्द. विलीनीकरण तिला राजकारण वाटतच नव्हतं, माहेरची वाट मोकळी होईल एवढाच तिचा हिशेब. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी फूल हरलं. मामा दोन दिवस जेवला नाही असं आजी सांगायची. (मामा म्हणतो एकच दिवस.) आणि विलीनीकरणाविरुद्ध रान उठवणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होतं. आपल्याकडे अजून कुणी "मराठी माणूस हरला" असं म्हणालं की मी हे हळूच पुढे सरकवते.

आता गंमत बघा. कौलाच्या आधी भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं होतं. विलीनीकरण हा तर त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या नावातच होता आणि तोच लोकांनी नाकारला. दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. मगोला ३० पैकी १६ जागा, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री. म्हणजे फूल हरलं, पण दोन महिन्यांत सिंह, मगोची निशाणी, निवडून आला.

कुणी गोंयकार अंगावर यायच्या आत सांगते: गोव्याची आणि स्कॉटलंडची गोष्ट एक नाही, उलट आहे. इथे वेगळं व्हायचं होतं, तिथे मिसळून जायचं होतं. आणि गोव्याने घेतलेला निर्णय बरोबरच होता असं माझं मत आहे, मामाला आवडो न आवडो. मला बघायचंय ते पुढचं. अस्तित्वाच्या प्रश्नावर हरलेल्या चळवळीचं होतं काय?

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातही हेच झालं होतं. २० मे १९८० ला कॅनडापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या क्वेबेकच्या फ्रेंचभाषकांच्या चळवळीने सार्वमत घेतलं आणि जवळजवळ ६० विरुद्ध ४० असा सडकून मार खाल्ला. त्या रात्री चळवळीचे नेते रेने लेव्हेक लोकांसमोर आले आणि म्हणाले, तुमचं म्हणणं मी बरोबर समजलो असेन तर तुम्ही मला सांगताय, पुढच्या वेळी. आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पार्टी क्वेबेक्वा १२२ पैकी ८० जागा घेऊन परत सत्तेत!

तीन ठिकाणं, तीन काळ आणि मतदार सगळीकडे तोच व्यवहार करतो. घराची वाटणी नको, पण घर चालवायला हाच माणूस बरा. हा आपल्या हक्कासाठी भांडेल, वरच्यांना जरा धाकात ठेवेल. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

पण मला वाटतं, चळवळीची खरी पडझड तिथेच सुरू होते. हरल्यावर मिळालेली सत्ता हे उत्तेजनार्थ बक्षीस असतं आणि ते भलतंच महाग पडतं.

एसएनपी इथे २००७ पासून राज्य करतेय. राज्य करायचं म्हणजे शाळा, दवाखाने, रस्ते. आणि फेरीबोटी. आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या बेटांसाठी २०१५ मध्ये दोन नव्या फेरीबोटी सांगितल्या. पहिली, 'ग्लेन सॅनक्स', २०१७ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांच्या हस्ते वाजतगाजत पाण्यात सोडली तेव्हा तिला खिडक्या नव्हत्या, खिडक्यांच्या जागी रंग मारला होता. ती प्रत्यक्ष प्रवाशांना घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. खर्च ठरलेल्या किमतीच्या कित्येक पट. मी फेरीबोटीच्या मुलखातली, मला या गोष्टीचं नको तेवढं वाईट वाटतं. पण कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत स्वातंत्र्याचा विषय निघाला की हल्ली हमखास कुणीतरी म्हणतं, आधी बोट तर वेळेवर सोडा. या एका वाक्याला चळवळीकडे उत्तर नाही, कारण चळवळ आणि सरकार ही दोन माणसं राहिलीच नाहीत. पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी झाली तिचा डागही आपोआप मागणीवरच पडला.

मी २०१४ मध्ये काय केलं हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर हे सगळं तिऱ्हाइताचं शहाणपण होईल. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता. तरी मला मत होतं, कारण इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ते होतं. युरोपीय नागरिकांनाही होतं. सोळा वर्षांच्या पोरांनाही होतं. सकाळी कामावर जाण्याआधी केंद्रावर गेले. ओळखपत्र कुणी मागितलं नाही. नाव-पत्ता सांगितला, मतपत्रिका मिळाली, आत दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. बोटाला शाई नाही म्हणून मत दिल्यासारखंच वाटेना. मी 'नो'वर फुली मारली. पौंड राहणार की नाही हे कुणी धड सांगत नव्हतं, ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तर सामायिक चलन मिळणार नाही म्हणून आधीच बजावलं होतं. आम्ही नुकतंच घर घेतलं होतं, कर्ज पौंडात. आणि प्रचारात मनावर ठसवलं गेलं होतं ते हे, की युरोपीय संघात राहायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा.

दोन वर्षांनी ब्रिटननेच युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. स्कॉटलंडच्या ६२ टक्के लोकांनी राहू म्हटलं होतं, तरी तसंच ठरलं. त्या वेळी मला मत होतं आणि २०१४ मध्ये माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या पोलिश शेजारणीला नव्हतं. तिचंच भवितव्य ठरत होतं आणि ती घरी बसून होती. ती रडली नाही, काही बोलली नाही. तीन महिन्यांनी सामान बांधून पोलंडला गेली. माझ्या 'नो'ची मला लाज वाटली तो हा दिवस. माझ्यासारखे तेव्हा बरेच होते.

म्हणजे अशी लोटच्या लोट माणसं चळवळीकडे यायला तयार असताना चळवळीने काय केलं? पुन्हा सार्वमत द्या म्हणून लंडनच्या दारावर थापा मारल्या. २०१४ च्या सार्वमताला संमती देणारा २०१२ चा एडिंबरा करार तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीखुशीने केला होता, कारण त्यांना वाटत होतं आपण हसतखेळत जिंकू. ती चूक आता कुठलाही पंतप्रधान करणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला असं सार्वमत घेता येत नाही. मग स्टर्जन म्हणाल्या, येणारी निवडणूक हेच सार्वमत समजायचं. २०२४ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत स्वातंत्र्य होतं. एसएनपीच्या ४८ च्या ९ जागा झाल्या.

कॅनडाचं बरं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की क्वेबेकला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल. दार अवघड आहे, पण निदान कुठे आहे ते माहीत आहे. ब्रिटनमध्ये 'तुम्ही स्वेच्छेने एकत्र आहात' असं रोज सांगतात आणि ती इच्छा बदलली तर अर्ज कुठे द्यायचा ते सांगत नाहीत. एवढ्यापुरती मी एसएनपीच्या बाजूची आहे, फेरीबोट काहीही होवो.

तरी कॅनडातही ती गोष्ट सोपी गेली नाहीच. १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात ९३ टक्क्यांवर मतदान झालं आणि फरक होता ५४,२८८ मतांचा, ५०.५८ विरुद्ध ४९.४२. एका मोठ्या गावाएवढी मतं! त्या रात्री क्वेबेकचे मुख्यमंत्री झाक पारिझो यांनी पराभवाचं खापर पैशावर आणि परक्या वंशांच्या मतांवर फोडलं आणि माझ्या मते चळवळीची पुढची पंचवीस वर्षं त्या एका वाक्यात बुडवली. बाहेरून येऊन वसलेल्या माणसाला एकदा "तुझ्यामुळे हरलो" म्हटलं की तो परत येत नाही. स्कॉटलंडच्या चळवळीने हे कधी केलं नाही, हे मी बाहेरून आलेली बाई म्हणून मुद्दाम नोंदवते. २०२२ मध्ये पार्टी क्वेबेक्वा तीन जागांवर आला. २०२५ मध्ये तोच पक्ष जनमत पाहण्यांत पुढे होता आणि तिसऱ्या सार्वमताचं आश्वासन देत होता. म्हणजे मेलेलं समजून तिरडी बांधावी आणि उठून बसावं, असा प्रकार.

"म्हातारे 'नो'वाले जातील, पोरं 'यस'वाली आहेत, थांबा फक्त" असं इथले काही समर्थक म्हणतात. एक तर हे ऐकायला वाईट. आणि क्वेबेकमध्ये नेमकं हेच म्हणत लोक थांबले होते. तिथली पुढची पोरं फ्रेंचमध्ये शिकली, फ्रेंचमध्ये नोकरीला लागली, कारण १९७७ चा भाषेचा कायदा त्याच चळवळीने करून ठेवला होता. ज्या भीतीतून चळवळ उभी राहिली ती भीतीच तिने कमी केली, मग पोरांना घाई कसली राहणार?

गोव्यातही माझ्या मते असंच झालं. मागे सुट्टीला गेले तेव्हा मामाला विचारलं, आज परत कौल घेतला तर फूल का? ऐंशीचा झालाय. बराच वेळ सुपारी कातरत बसला. "आता कित्याक? सगळा हयच गावता." आता कशाला, सगळं इथेच मिळतं. बहुजन समाजाला भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, पंजातून सुटायचं होतं, मुलांना शाळा हवी होती, आपला माणूस खुर्चीवर हवा होता. मुंबई हा त्याचा मार्ग वाटत होता. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, पुढे कुळांना जमिनी मिळाल्या आणि १९८७ मध्ये गोवा स्वतःच राज्य झालं. मुंबईला जाण्याची गरजच उरली नाही. पक्षाच्या नावात महाराष्ट्र आजही आहे, आमदार मात्र २०२२ मध्ये दोनच आले.

स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाली, काही कर हातात आले, इथल्या मुलांना विद्यापीठाची फी नाही, औषधाच्या चिठ्ठीचे पैसे नाहीत. हेही बरंचसं 'हयच गावता' झालं असतं आणि प्रश्न मिटला असता, असं मला २०१५ मध्ये वाटायचं. ब्रेक्झिटने ते मोडलं. म्हणूनच पक्षाला नऊ जागा मिळूनही पाहण्यांत स्वातंत्र्याला ४५ ते ५० च्या आसपास लोक हो म्हणतच राहतात. पक्ष खाली गेला, प्रश्न तिथेच आहे.

पण त्याच ब्रेक्झिटने वाट अवघडही केली. उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन युरोपात गेलं तर इंग्लंडच्या हद्दीवर मालाची तपासणी आली, आणि आपला सगळ्यात जास्त व्यापार त्या हद्दीपलीकडेच. आईच्या माहेरच्या वाटेवर नाका बसवण्यासारखं. मला पुन्हा मत मागायला येणाऱ्याने हद्दीचं, पेन्शनचं, चलनाचं आधी सांगावं. एसएनपीचे नेते जॉन स्विनी मात्र म्हणत होते, मे २०२६ च्या स्कॉटिश निवडणुकीत आम्हाला २०११ सारखं एकट्याचं बहुमत द्या, मग लंडनला नाही म्हणता येणार नाही. का म्हणता येणार नाही? गेली कित्येक वर्षं आरामात म्हणतायत. मला हवी आहे ती अशी चळवळ, जिला बोटी चालवायच्या नाहीत, कुणाची खुर्ची सांभाळायची नाही, जी माझ्यासारख्या 'नो'वाल्यांच्या स्वयंपाकघरात बसून हिशेब मांडेल. २०१४ मध्ये ती होती. शाळांच्या हॉलमध्ये, पबमध्ये, बसथांब्यांवर लोक चलनावर तावातावाने भांडायचे. मी तशी लोकशाही भारतात किंवा इथे परत पाहिली नाही.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती, जॉर्ज स्क्वेअरमध्ये निळे झेंडे बघून जत्रा समजली होती. आता सोळाची झाली. मे २०२६ च्या निवडणुकीत तिला पहिलं मत, मतदार नोंदणीचं पत्र फ्रिजवर लावून ठेवलं होतं. निवडणुकीआधी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, स्वातंत्र्य हवंय, एसएनपी नको. मग मत कुणाला देणार, मी विचारलं. स्कॉटिश संसदेला दोन मतपत्रिका असतात, मतदारसंघाची एक आणि पक्षांच्या यादीची एक, तेही सांगितलं.

"बघते," म्हणाली आणि हेडफोन लावले.