किरणं अडली म्हणजे कोप नव्हे : माझ्याच फॉरवर्डबद्दल खुलासा

परवा फॅमिली ग्रुपवर मी कोल्हापूरच्या अंबाबाईबद्दल एक मेसेज ढकलला होता : 'किरणोत्सवात किरणं अंबाबाईच्या मुखापर्यंत पोचली नाहीत, हा देवीचा कोप आहे, अकरा जणांना पाठवा.' तो चुकीचा आहे. न तपासता पाठवला, चूक माझी.

खरं असं. अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात येतात, तोच किरणोत्सव. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर-छाती, मग मुख. दोन्ही वेळच्या तारखा डिसेंबरच्या २१-२२ पासून (तेव्हा सूर्य सगळ्यात दक्षिणेला मावळून परत फिरतो) साधारण सारख्याच अंतरावर आहेत, कॅलेंडर घेऊन मोजा. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांचं कसब बघा!

मावळतीची किरणं आडवी येतात, त्यामुळे ढग, धूळ, हवेतलं बाष्प, वाटेतली बांधकामं यांनी ती क्षीण होतात. अभ्यासक दर वेळी उजेड लक्समध्ये (उजेड मोजायचं एकक) मोजतात तो याचसाठी. मी स्वतः एकदा मंडपात उभा होतो. उजेड पितळी उंबऱ्यापर्यंत सरकला, ढग आडवा आला आणि विझला. शेजारची आजी हात जोडून म्हणाली, "उद्या येईल." घाबरली नाही काही.

आत्ती, काकू, तुम्ही पुढे पाठवला असेल तर तिथं हा खुलासा टाका आणि जुना मेसेज काढून टाका. अकरा जणांची अट नाही.