श्रीमंत शहराने म्हातारं कसं व्हावं

तुमच्या शहराला धरणांचं पाणी आहे, आसपास कारखाने आहेत, आयटीत गलेलठ्ठ पगाराची पोरं आहेत, आणि तरी वाढत्या म्हाताऱ्यांची चिंता लागलीय? पुण्याला विचारा. पेन्शनरांचं शहर म्हणून नावाजलेलं गाव आहे आमचं. सल्ला द्यायचा अधिकार आमचाच.

सगळ्यात आधी, त्या नॉर्वेच्या नादी लागू नका. १९६९ मध्ये समुद्रात तेलाचं घबाड सापडलं, तर माणसाने दोन-चार उड्डाणपूल बांधून मोकळं व्हावं की नाही? यांनी १९९० मध्ये कायदा करून निधी काढला, १९९६ पासून त्यात पैसे टाकायला लागले आणि पुढे नावातच ‘पेन्शन’ घातलं. वर्षाचा खर्च निधीच्या साधारण तीन टक्के, म्हणजे अपेक्षित परताव्याइतकाच. मुद्दलाला हात नाही. तेल संपलं तरी नातवंडांचं म्हातारपण सुखात! आपलं तेल म्हणजे जमीन आणि तरुण माणसं. बांधकाम परवानग्यांचा पैसा आला की रस्त्यात घाला, पुढच्या वर्षी तोच रस्ता खणा.

फुटपाथ गुडघाभर उंच ठेवा. व्यायाम होतो.

बाकडी जरूर बसवा, भर उन्हात. पाठीवर माननीयांचं नाव मात्र लांबून वाचता आलं पाहिजे.

विरंगुळा केंद्र पहिल्या मजल्यावर. लिफ्ट ‘प्रस्तावित’.

रेल्वेच्या तिकिटातली ज्येष्ठांची सवलत साथीच्या निमित्ताने मार्च २०२० मध्ये बंद झाली. साथ गेली, सवलत आली नाही. हे तंत्र शिकून घ्या.

आणि दर नोव्हेंबरात म्हाताऱ्यांकडून ते जिवंत असल्याचा पुरावा मागा. यासारखी गंमत नाही. परवा आईला घेऊन बँकेत गेलो होतो. वय ८४, बाबांमागे मिळणारी पेन्शन, त्यासाठी हयातीचा दाखला. जन्मभर भांडी घासून आणि भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्यात. मशीन काही अंगठा घेईना. काउंटरमागची मुलगी म्हणाली, “आजी, हात नीट पुसा.” आईने पदराला पुसला. “दुसरं बोट लावा.” लावलं. “जोरात दाबा.” दाबलं. दहाही बोटं झाली. शेवटी आई म्हणाली, “अगं बाळा, मी बसलेय की तुझ्यासमोर!” खरं म्हणजे बसलीही नव्हती, खुर्चीवर फायली होत्या. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, हे मी सांगून पाहिलं. “आमच्याकडे ते चालत नाही.” मग सर्व्हर गेला. मग लंच. मागे काठी टेकून उभे असलेले एक आजोबा निमूटपणे घरी निघाले, उद्या परत येण्यासाठी. त्यांना सवय असावी.

अहो, ही सवय लावली कोणी?

सल्ले-बिल्ले पुरे आता. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांच्यासाठी ईपीएसची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. आजही त्यावरच बोळवण चाललीय. गॅसची टाकी आणली की औषधाला काय उरतं? साठीपुढच्या गरिबाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. हे आकडे मंजूर करताना कुणाची जीभही अडखळली नाही.

आज हिंजवडीत पंचविशीत असलेली पोरं २०६० च्या आसपास साठीला येतील. तेव्हा माननीयहो, तुम्ही खुर्चीत नसणार, म्हणून आत्ता हलत नाही आहात. आम्हाला कळत नाही असं समजू नका. शहर कमावतंय तोवर दरवर्षी थोडा पैसा बाजूला काढायला कोणी तुमचे हात धरलेत? सुशोभीकरणाला बरा निघतो. आणि ते जमेल तेव्हा जमेल, निदान त्या खुर्चीवरच्या फायली उचला, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला उभं ठेवून जेवायला जाऊ नका.