पॅट समिटला 22 व्या वर्षी नेमकं काय मिळालं होतं?

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाने 1974 साली अवघ्या 22 वर्षांच्या पॅट समिटवर विश्वास टाकून तिला महिला बास्केटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक केलं. अनुभव शून्य, पण जिद्दीच्या जोरावर ती पहिल्या दिवसापासून जिंकत गेली. 1098 विजय, 8 राष्ट्रीय विजेतेपदं. सोयीसुविधांचं रडगाणं गाणाऱ्यांनी हिच्याकडे बघावं.

पाचव्यांदा तो आला माझ्या हाताखाली खेळलेल्या एका मुलीकडून. ती आता 24 वर्षांची आहे आणि एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला शिकवते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिचा संघ पहिल्याच फेरीत हरला आणि त्याच संध्याकाळी संस्थेतल्या कुणीतरी तिला हा मजकूर पाठवला. तिने तो माझ्याकडे ढकलला आणि खाली लिहिलं, "ताई, माझ्यातच काही कमी आहे का?" म्हणून हे उत्तर लिहिते आहे, तिच्यासाठी आणि तिला तो पाठवणाऱ्यांसाठीही.

आकडे खरे आहेत. 38 हंगाम, 1098 विजय आणि 8 विजेतेपदं, पहिलं 1987 चं, शेवटचं 2008 चं. एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. इतक्या मोठ्या बाईबद्दल खोटं रचायची गरजच काय?

आता तो "विश्वास". पॅट, तेव्हाची पॅट हेड (समिट हे लग्नानंतरचं आडनाव), टेनेसीत आली ती पदव्युत्तर शिक्षण घेता घेता शिकवायला आणि संघाला मदत करायला. आधीच्या प्रशिक्षक मार्गारेट हटसन रजेवर गेल्या आणि जागा हिच्याकडे आली. पगार महिन्याला 250 डॉलर. कॉलेज-खेळ चालवणारी एनसीएए ही मोठी संघटना तेव्हा महिलांची बास्केटबॉल स्पर्धाच घेत नव्हती. ती सुरू झाली 1982 साली. म्हणजे विद्यापीठाने मोठी गादी उचलून 22 वर्षांच्या पोरीला दिली, असं काही घडलेलं नाही. ज्या कामात पैसा नाही, प्रतिष्ठा नाही, ते काम तिच्या वाट्याला आलं.

आणि ते काम काय होतं? संघाची व्हॅन तीच चालवायची. खेळाडूंचे ड्रेस तीच धुवायची. ते ड्रेसही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. एकदा बाहेरगावच्या मॅचला गेल्यावर मुक्कामाची सोय नव्हती, तेव्हा समोरच्या संघाच्या जिममध्येच मॅट टाकून, स्लीपिंग बॅगमध्ये सगळ्या झोपल्या. मला हे वाचताना नेहमी ती रात्र दिसते. दिवे गेलेला मोठा हॉल, लाकडी फरशीवर ओळीने झोपलेल्या मुली, आणि त्यांची जबाबदारी जिच्यावर, ती त्यांच्यातल्या काहींपेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी. सकाळी उठून त्याच कोर्टवर खेळायचं. फॉरवर्ड लिहिणारा हे वाचून म्हणेल, बघा, सोयी नसताना जिंकली. मी म्हणते, जिंकली हे तिचं मोठेपण. सोयी नव्हत्या हा विद्यापीठाचा दोष. दोन्हींची बेरीज करून "सोयी लागत नाहीत" असं उत्तर निघत नाही. ती स्वतःही तसं कधी मानत नव्हती. टेनेसीच्या शाळांत मुलींना तेव्हा सहा-सहाच्या संघात अर्ध्या कोर्टवर खेळवायचे. बचाव करणाऱ्या तिघींनी मधली रेषा ओलांडायची नाही, बास्केट करायची नाही. हा नियम मुलींचं नुकसान करतो, असं तिने उघड सांगितलं. पुढे 1979 च्या सुमारास राज्यात पाच-पाचचा खेळ आला. मिळेल त्यात भागवा, असं म्हणणारी बाई असं बोलत नाही.

"पहिल्या दिवसापासून जिंकत गेली" हे तर सरळ चूक. पहिली मॅच ती हरली. मर्सर विद्यापीठाविरुद्ध, 83-84, एका पॉइंटने. पहिला हंगाम 16 विजय, 8 पराभव. 1980 आणि 1981 ला (तेव्हा महिलांची राष्ट्रीय स्पर्धा वेगळी संघटना घ्यायची) संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचून हरला, 1984 ला पुन्हा हरला. पहिलं विजेतेपद आलं 1987 मध्ये, तिच्या तेराव्या हंगामात. 1098 च्या शेजारी 208 पराभवही आहेत, तो आकडा फॉरवर्डमधून गाळला आहे. माझ्या या जुन्या खेळाडूला पहिल्या हंगामातल्या एका पराभवावरून जोखणाऱ्यांनी एवढं तेरा लक्षात ठेवावं.

अनुभव शून्य हेही पूर्ण खरं नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणून शून्य, मान्य. पण ती 1973 साली मॉस्कोच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत अमेरिकेकडून खेळून आली होती, तिथे त्यांना रौप्य मिळालं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघा मोडला. तो सांभाळत, शिकत, शिकवत, संघ चालवत ती 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकची तयारी करत होती. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं, आणि रौप्य जिंकणाऱ्या अमेरिकी संघाच्या दोन कर्णधारांपैकी ती एक होती. खेळाचं ज्ञान तिच्या अंगात मुरलेलं होतं. 1984 ला तिने प्रशिक्षक म्हणून सुवर्ण मिळवलं.

एकटीची जिद्द हाही मुद्दा अर्धाच. 1972 साली अमेरिकेत कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करता येणार नाही असा. त्याच्या जोरावर हळूहळू शिष्यवृत्त्या आल्या, मैदानं आली, पगार आले. (याची एक कडू बाजूही आहे: 1972 ला तिथल्या कॉलेजांत महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी 90 टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. पैसा आला तसे पुरुष आले, आणि आज स्त्रिया निम्म्याहून कमी आहेत.) कायद्याने दार उघडलं, ती त्यातून चालत गेली, तिच्यामागून शेकडो मुली. त्यांच्यापैकी ज्या तिच्याकडे खेळायची मुदत पुरी होईपर्यंत राहिल्या, त्या सगळ्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. मला विचाराल तर हा आकडा 1098 पेक्षा मोठा आहे, आणि कुठल्याच फॉरवर्डमध्ये तो नसतो.

2011 मध्ये, 59 व्या वर्षी, तिने आपल्याला अल्झायमर असल्याचं जाहीर केलं आणि सहकाऱ्यांच्या मदतीने आणखी एक हंगाम संघ सांभाळला. 2016 ला ती गेली.

माझ्या त्या जुन्या खेळाडूच्या संघाला मुलांची प्रॅक्टिस आटोपल्यावर, संध्याकाळी साडेसातनंतर कोर्ट मिळतं. एका खांबावरचा दिवा चालू, बॉल तीन, त्यातला एक हवा धरत नाही. तिने संस्थेकडे आठवड्यातून तीन दिवस सकाळची वेळ आणि सहा बॉल मागितले आहेत. अर्जासोबत हेही जोड, असं मी तिला सांगितलं आहे.