टूथपेस्टनं काळी गाडी नीट होत नाही, राजेहो

“काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे दहा मिनिटांत गायब! गाडी भरदुपारी उन्हात तापू द्या. पेंट नरम झाला की पांढरी टूथपेस्ट लावून जुन्या सुती कापडानं गोल गोल घासा. रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, वर लगेच वॅक्स मारा. नवीन पेंटवर हमखास काम करतं. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसत राहा, ओरखडे परत येणार नाहीत.”

ही फोकनाड गावच्या ग्रुपवरून फिरत फिरत आमच्या भाच्याकडे पोचली. त्याच्या काळ्या बोलेरोचं बोनेट नुकतंच पेंट होऊन आलंय, आणि तो आता ट्यूब घेऊन तयार आहे. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी उन्हाचं पाहू, कारण खरं नुकसान तिथं आहे. आपल्याकडच्या मे महिन्यात काळं बोनेट सहज ७० अंशांपर्यंत तापतं. त्यावर काहीही लावा, घासायच्या आधीच ते वाळतं, आणि वाळलेली पूड कापडाखाली घासली जाऊन नवे ओरखडे काढते. कंपनीत पेंट १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. गॅरेजात बूथ, म्हणजे पेंट भाजायची बंद खोली, असेल तर ६० अंशांवर अर्धा तास. तालुक्याच्या कितीतरी ठिकाणी बूथच नसतो, गाडी ताडपत्रीखाली वाळते. अशा लॅकरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, थिनर बरेच दिवस शिल्लक असतं. नरम पेंटवरचा ओरखडा लवकर निघतो, हे मान्य. पण तो पडतोही तितक्याच लवकर, आणि तापलेल्या पेंटवर तर जास्त खोल.

आता टूथपेस्ट. तिच्यात घासणारी पूड असते, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. ती किती घासते याची कमाल मर्यादा आयएसओ ११६०९ या मानकात ठरलेली आहे: आरडीए (पेस्ट किती घासते याचा आकडा) २५०. हा आकडा दाताच्या डेंटिनवर, म्हणजे इनॅमलखालच्या थरावर, मोजतात. लॅकरचा त्यात कुठंच संबंध नाही. शिवाय कंपनीच्या गाडीवर क्लिअर कोट, म्हणजे हाच लॅकर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बोटाच्या दाबानं तो कुठं किती गेला, हे कळायला मार्ग नाही. मग चमक येते कुठून? पेस्टमधलं ग्लिसरीन, सॉर्बिटॉल खाचांत बसतं आणि ओरखडे झाकले जातात. एकदा गाडी धुतली की सगळे परत दिसतात, वर धुरकटपणा येतो तो वेगळाच.

आणि गोल गोल का घासायचं? ओरखडे मुळात गोल नसतातच. ते सगळ्या दिशांनी असतात. बल्बचा उजेड पडला की फक्त त्याला आडवे असलेले चमकतात, म्हणून गोल जाळं दिसतं.

रॉकेलनं डांबराचे थेंब निघतात, एवढं खरं. ताज्या पेंटवर मात्र ते लावू नका.

वॅक्सची घाई तर अजिबात नको. आतलं थिनर बाहेर पडायला वाट मोकळी हवी. साधारण महिनाभर, हवेवर वाळलेल्या पेंटला त्याहून जास्त, वॅक्स किंवा कोटिंग थांबवा. नक्की किती दिवस, ते पेंटरनं वापरलेल्या लॅकरच्या माहितीपत्रकात असतं.

करायचंच असेल तर असं करा. पेंट नखानं दबत नाही याची खात्री करा. गाडी धुवून सावलीत, थंड पत्र्यावर काम घ्या. कडा आणि प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा, कडेला लॅकर सगळ्यात पातळ असतो. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवता फिरवता हलवणारं), मऊ फोमचं फिनिशिंग पॅड, बारीक पॉलिश. गॅरेजातला गोल फिरणारा बफर नवशिक्याच्या हाती नको, तो कडा जाळतो आणि होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे बफरचे पट्टे, सोडतो. आधी एक फूट बाय एक फूट जागेवर चाचणी घ्या. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, कमी स्पीडवर पसरवा, मग मध्यम स्पीडवर आडवे-उभे मिळून चार फेरे, हात सेकंदाला इंचभर सरकेल इतका सावकाश. मायक्रोफायबरनं पुसून टॉर्च मारून पाहा. बारीक पॉलिशनं भागलं तर कंपाउंडला, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशला, हात लावू नका. आणि महिन्याभरात लॅकर आकसून काही ओरखडे पुन्हा डोकावले, तर त्यात पॉलिशचा दोष नाही. शेवटचा हात तेव्हाच फिरवा.

राहिलं रोजचं कोरडं फडकं. अहो, ओरखडे येतात ते तिथूनच! आपल्या रस्त्यांची धूळ म्हणजे मुरूम आणि गिट्टीचा चुरा. ती कोरड्या फडक्याखाली घासली की जाळं तयार. आधी भरपूर पाणी मारून धूळ खाली उतरू द्या, मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायचं साधं पाणी. वरून खाली या, दरवाज्यांचा खालचा भाग शेवटी. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी पत्र्यावर वाळू देऊ नका, त्याचे पांढरे डाग घासून काढायला गेलात की पुन्हा ओरखडे.