तेवढंच!

वजनकाट्यावर उभं राहण्यापूर्वी मी घड्याळ काढतो, अंगठी काढतो, श्वास पूर्ण सोडतो आणि सर्वांत शेवटी चष्माही काढून ठेवतो. चष्म्याचं वजन असेल २५ ग्रॅम, पण या वयात मिळेल ती सूट घ्यावी. घोटाळा नंतर होतो. चष्म्याशिवाय खालचा आकडा दिसत नाही, आणि वाकून पाहावं तर मध्ये पोट. मग हाक मारणं आलं.

"अगं, किती आहे बघ जरा."

ती दात घासता घासता येते, डोकावते आणि सांगते, "तेवढंच आहे!" कधी एखादा किलो उतरला असेल तर म्हणते, "अहो, बॅटरी बदला याची."

तसं वजन उतरवणं मला अवघड नाही. गेल्या बारा वर्षांत मी ९ वेळा उतरवलंय. दर वेळी ४ किलो, म्हणजे एकूण ३६. एवढ्या वजनाचं एक शाळकरी पोर आमच्या घरातून निघून गेलंय म्हणा ना. अडचण एवढीच की ते दर वेळी परत आलं, आणि येताना एखादा मित्रही घेऊन आलं.

सुरुवात नेहमी झोकात होते. पहिल्या आठवड्यात २ किलो गायब! ते पाणी असतं हे कळेपर्यंत माझं सगळ्यांना सांगून झालेलं असायचं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी. खाणं तोडलं की आधी ही जोडी निघते. चरबी तोवर जागची हललेली नसते. आठव्या दिवशी एक व्यवस्थित जेवण झालं, की ये रे माझ्या मागल्या.

मग मी चालायला लागलो. रोज १०,००० पावलं. रात्री साडेअकराला ७०० कमी पडली म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घातल्या आहेत मी. पुढे वाचनात आलं की हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केइ, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. एका जाहिरातीपायी मी मध्यरात्री टेबलाभोवती फिरत होतो! बरं, तासभर चालून माझ्या २५० ते ३०० कॅलरी जळतात, आणि किलोभर चरबीत असतात सुमारे ७७००. शिवाय तासभर चालून जे जातं ते मी डब्याचं झाकण पूर्ण न उघडता, उभ्याउभ्या तीन मिनिटांत भरून काढू शकतो.

"चाळिशीनंतर चयापचय मंदावतं हो," हे माझं लाडकं वाक्य होतं. २०२१ मध्ये तेही गेलं. 'सायन्स' नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला. शरीराचा आकार हिशेबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास तेवढाच राहतो म्हणे. म्हणजे ही सबब वापरायला मला अजून काही वर्षं थांबायला हवं. घटतात ते स्नायू, तेही वापरले नाहीत म्हणून. बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजन जोखणाऱ्या सूत्रावर, तर माझा पहिल्यापासूनच राग. ते सूत्र काढणारा केटले हा बेल्जियन गृहस्थ मुळात खगोलशास्त्रज्ञ. मोठ्या गोलांचा अभ्यास असलेल्या माणसाकडेच हे काम जायचं होतं.

जळलेली चरबी जाते कुठे, हेही मी शोधलं. १० किलो जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे निघून जाते, उरलेल्याचं पाणी होतं. उसासे मी तसेही भरपूर टाकतो, पण त्यांनी काम होत नाही.

शेवटी रक्तातली साखर सीमारेषेवर आली आणि डॉक्टरांपुढे बसावं लागलं. मला वाटलं, २० किलो सांगतील. ते म्हणाले, "वजनाच्या पाच टक्के उतरवलंत तरी फरक पडेल." ८४ चे पाच टक्के म्हणजे ४ किलो आणि वर थोडं. चार! माझ्या चांगलेच ओळखीचे. मी बेफिकीर हसलो.

"आणि मग तिथंच राहायचं," ते म्हणाले.

हे कुणी सांगितलं नव्हतं. वजन उतरलं की शरीराला वाटतं घरात दुष्काळ पडला. भूक आवरणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं, भूक वाढते, ऊर्जेचा खर्च कमी होतो. ते ४ किलो परत आणायला अख्खी यंत्रणा कामाला लागते, आणि मी दर वेळी त्याच सुमारास मोहीम फत्ते म्हणून हात झटकून मोकळा होत होतो.

आता मी खुर्चीवरून उठतो आणि बसतो. व्यायाम म्हणून, हातांचा आधार न घेता, दहा वेळा. पहिल्या दिवशी चौथ्या खेपेला गुडघा असा वाजला की आतून आवाज आला, "काय मोडलं हो?" पानातलं उरलंसुरलं संपवणं हे या घरातलं माझं परंपरागत खातं, त्याचाही राजीनामा दिला. मुलं अजून सवयीनं ताटली माझ्याकडे सरकवतात. मी ती परत सरकवतो. या कामी किती स्नायू लागतात ते कुणी मोजलेलं दिसत नाही.

४ किलो उतरायला आठ महिने लागले. त्याला आता सव्वा वर्ष झालं. आज सकाळी घड्याळ काढलं, अंगठी काढली, चष्मा काढला, हाक मारली. ब्रश तोंडात धरून ती डोकावली.

"तेवढंच आहे."

"मागच्या महिन्याएवढंच?"

"तेवढंच!"

"बॅटरी?"

"परवाच बदललीय," ती म्हणाली आणि चूळ भरायला गेली.