लिनियसपेक्षा शहाणा

परवा एका वनस्पती उद्यानात, कर्दळीच्या ताटव्यापुढे, ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील आहे असे मी भाच्याला सांगत असताना मागून "साफ चूक" असा आवाज आला. एका गृहस्थांनी छत्रीचे टोक पाटीवर टेकवले आणि 'कॅना इंडिका' ही अक्षरे खटल्यातील पुराव्यासारखी एकेक करून दाखवली. "इंडिका म्हणजे कुठली, साहेब?" हे नाव सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि तेव्हाच्या युरोपीयांच्या लेखी वेस्ट इंडीजही 'इंडिया'तच मोडत असे, असे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. "म्हणजे आपण लिनियसपेक्षा शहाणे!" असे म्हणून त्यांनी जमलेल्या मंडळींकडे पाहिले, आणि मंडळी हसली.

मग मीही इरेला पेटलो. हसऱ्या कूकाबुराच्या शास्त्रीय नावात न्यू गिनी आहे, पण हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा. न्यू गिनीत तो आढळत नाही, असे मी बजावले. "मग उडून गेला असेल. पक्षीच तो." 'पेरिप्लॅनेटा अमेरिकाना' हे झुरळ मूळचे आफ्रिकेतील, हे ऐकून तर ते चक्क कनवाळू झाले. "इतकी वर्षे तिथे काढल्यावर आता तरी त्याला अमेरिकन म्हणू द्या हो!" एवढ्यात भाच्याने वहीत 'कर्दळ : भारतीय' असे लिहूनही टाकले होते.

माझा राग त्या गृहस्थांवर नाही, निदान सगळा नाही. सहाव्या जॉर्जच्या ब्रिटिश नाण्यांवर 'इंड इम्प', अर्थात भारताचा सम्राट, अशी लॅटिन अक्षरे असत. भारत हातचा गेल्यावर १९४९ पासूनच्या नाण्यांवरून ती निमूटपणे उतरली. सम्राटाला जे सोडावे लागले, ते झुरळाला मात्र सोडावे लागत नाही. लिनियसने १७५८ मध्ये त्याला 'ब्लाटा अमेरिकाना' म्हटले; पुढे तज्ज्ञांनी त्याची प्रजाती बदलली, ब्लाटा जाऊन पेरिप्लॅनेटा आले, पण खोटे तेवढे 'अमेरिकाना' जागचे हलले नाही, कारण केवळ गैरलागू आहे म्हणून नाव रद्द करता येत नाही, असे प्राणी आणि वनस्पती या दोहोंच्या नामकरण-संहिता सांगतात. नावे सारखी बदलू नयेत, हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु नावाखाली 'मूळ प्रदेश : अमेरिका खंड' एवढी एक ओळ रंगवायला त्या उद्यानाला कोणत्या संहितेने अडवले होते?