काळ्या जमिनीला चुना टाकण्याच्या सल्ल्याला उत्तर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अकोला जिल्ह्यातल्या माझ्या मामांनी एक संदेश मला पुढे पाठवला आणि पाठोपाठ फोन करून विचारले, “पाऊस पडायच्या आधी चुन्याची पोती आणून टाकू का रे शेतात?” तोच संदेश त्याच दिवशी आणखी तिघांकडून माझ्याकडे आला. मृदाशास्त्र शिकलेल्या माणसाने अशा मजकुराकडे दुर्लक्ष करावे असे मला इतके दिवस वाटत होते. परंतु घरातला माणूस त्यावर विसंबून पैसे आणि जमीन दोन्ही पणाला लावायला निघाला, तेव्हा गप्प बसणे मला योग्य वाटले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. माती परीक्षणावर खर्च करू नका, त्याचा कागद हाती येऊनही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही; जमीन ओळखायला घरगुती खुणा पुरेशा आहेत. जमीन जितकी काळी तितका तिच्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या जैव पदार्थांतला कार्बन, जास्त. उन्हाळ्यात भेगा पडतात याचा अर्थ कॅल्शियम संपले आहे, म्हणून चुना टाका. मातीवर लिंबू पिळल्यावर फेस आला तर माती जिवंत आहे. बाटलीत माती घोळवून थर मोजले की पोत कळतो. आणि शेवटी, एका गावाची माती एकच असते, पाऊसपाण्याचा तिच्याशी संबंध नाही, तेव्हा एकाने तपासली की सगळ्यांचे भागले.

रंगाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना घट्ट चिकटलेला थोडासा सेंद्रिय अंशही माती गडद दिसायला पुरतो. याची खातरजमा कोणालाही करता येते: एक मीटर खोल खड्डा घेतला, तर खाली जाताना कर्ब कमी होत जातो, पण रंग जवळजवळ तोच राहतो. रंग हे कर्बाचे माप असते, तर असे घडले नसते.

भेगांविषयीचे विधान मात्र चुकीचे आहेच, शिवाय नुकसान करणारे आहे, म्हणून त्यावर मी अधिक लिहिणार आहे. काळ्या जमिनीतील चिकणमाती प्रामुख्याने स्मेक्टाइट गटातील खनिजांची असते. या खनिजांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि त्या थरांच्या मध्ये पाणी शिरते. पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आकसते. भेगा पडतात त्या या आकसण्यामुळे. कॅल्शियमचा अभाव हे कारण तर मुळीच नाही, कारण बहुतेक काळ्या जमिनींत चिकणमातीच्या कणांनी धरून ठेवलेल्या धन आयनांमध्ये, म्हणजे धन विद्युतभार असलेल्या कणांमध्ये, कॅल्शियमचाच वाटा सर्वांत मोठा असतो. माती किती आकसते हे प्रयोगशाळेत मोजता येते: ओलसर ढेकळाची लांबी आणि तेच ढेकूळ भट्टीत वाळवल्यानंतरची लांबी यांतील फरक काढतात, आणि हा फरक वाळलेल्या लांबीच्या नऊ टक्क्यांहून अधिक भरला तर आकुंचनक्षमता अतिशय जास्त मानतात.

अमेरिकी मृदा वर्गीकरण आपल्याकडेही वापरले जाते, आणि त्यात या जमिनींचा ‘व्हर्टिसॉल’ नावाचा स्वतंत्र गण आहे. त्यासाठी वरच्या थरांत किमान ३० टक्के चिकणमाती, ठरावीक काळाने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या भेगा, आणि खाली मातीचे थर एकमेकांवर घासून तयार झालेले गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग किंवा पाचरीच्या आकाराची ढेकळे, या खुणा लागतात. म्हणजे भेगा हे या जमिनीच्या ओळखीचे लक्षण आहे. ज्याला संदेश आजार म्हणतो, त्याच्याशिवाय ही जमीन व्हर्टिसॉल ठरतच नाही.

आता चुन्याविषयी. हा सल्ला कोठून आला असावा याचा अंदाज करता येतो, आणि त्यात अर्धे सत्य आहे हे मी मान्य करतो. कोकणातील जांभ्या जमिनींत प्रचंड पावसाने कॅल्शियमसारखे अल्कधर्मी घटक धुऊन जातात, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) आम्लतेकडे झुकतो आणि तेथे चुना टाकणे शास्त्राला धरून असते. तोच उपाय अकोल्यात सांगणे म्हणजे एका रुग्णाचे औषध दुसऱ्याला देणे होय. मामांचे शेत खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील जमिनींचा नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी सविस्तर अभ्यास केलेला आहे, आणि त्यांचे शोधनिबंध १९९६ पासून उपलब्ध आहेत. त्यांनी मांडलेली कारणमीमांसा संदेश लिहिणाऱ्याने एकदा जरी वाचली असती, तरी चुन्याचे नाव त्याने घेतले नसते.

ती कारणमीमांसा अशी आहे. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त असलेल्या हवामानात मातीतील पाण्यात विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्या रूपाने खाली बसते. कॅल्शियम असे द्रावणातून निघून गेले की सोडियमचे प्रमाण तुलनेने वाढते आणि ते चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा घेऊ लागते. सोडियम चिकटलेले कण ओले झाले की एकमेकांपासून सुटे होतात, मातीतील बारीक पोकळ्या बुजतात आणि पाणी खाली मुरेनासे होते. पाणी मुरत नाही म्हणून खालचा भाग अधिक कोरडा राहतो, आणि कोरडेपणामुळे आणखी चुनखडी तयार होते. शेतकरी ज्या जमिनीला चोपण म्हणतात ती या चक्रातून घडते. पाऊस झाल्यावर तिला लवकर वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, येत नाही, आणि थोडी उघडीप पडली की ती दगडासारखी कडक होते. अशा जमिनीत कॅल्शियम आहेच, पण ते चुनखडीत अडकलेले आहे. तिथे आणखी चुना टाकल्याने आधीच जास्त असलेला सामू वाढतो, आणि इतक्या सामूला चुनखडी जवळजवळ विरघळत नसल्याने सोडियम हटवायला कॅल्शियम मिळतच नाही. जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, उपयोग होतो तो याचसाठी, कारण ते कितीतरी पटींनी अधिक विरघळते आणि सामू वाढवत नाही. मात्र जिप्सम किती टाकायचे हे विनिमयक्षम सोडियमच्या, म्हणजे चिकणमातीच्या कणांनी धरून ठेवलेल्या धन आयनांतील सोडियमच्या, टक्केवारीवरून ठरते, आणि ती टक्केवारी डोळ्यांनी दिसत नाही. पूर्णा खोऱ्यातील अनेक बिघडलेल्या जमिनींवर क्षारांचा पांढरा थर दिसतही नाही. वरून त्या चांगल्या काळ्या जमिनींसारख्याच दिसतात.

या टक्केवारीची मर्यादाही, म्हणजे किती टक्क्यांपुढे जमीन बिघडलेली मानायची तेही, सगळीकडे सारखी धरून चालत नाही. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ च्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत १५ टक्के ही मर्यादा ठरवली आणि तीच पुढे जगभर पाठ्यपुस्तकांत शिरली. ऑस्ट्रेलियात ६ टक्के ही मर्यादा वापरतात. पूर्णा खोऱ्यात तर पाच टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरण्याच्या वेगावर परिणाम दिसू लागतो, असे नागपूरच्या संशोधकांनी दाखवले आहे. म्हणून अहवालात सात किंवा आठ आकडा पाहून “पंधराच्या आत आहे, काळजी नको” असे म्हणणाऱ्या सल्लागाराचेही मी समर्थन करणार नाही.

लिंबाच्या फेसाबद्दल फार लिहावे लागत नाही. आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फेस म्हणजे चुनखडीची खूण, जिवंतपणाची नव्हे. आधीच्या परिच्छेदांनंतर वाचकाच्या लक्षात येईल की जोराचा फेस ही या पट्ट्यात आनंदाची बातमी नाही. एकाच संदेशात आधी कॅल्शियम संपल्याचे सांगायचे आणि पुढच्याच ओळीत कॅल्शियमच्या फेसाला सुपीकता म्हणायचे, ही विसंगती तो पुढे पाठवणाऱ्या कोणालाही खटकू नये याचे मला खरोखर दुःख होते.

बाटलीची चाचणी त्या मानाने बरी आहे. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचा ढोबळ अंदाज तिने येतो, आणि शाळेतल्या मुलांना ती जरूर दाखवावी. पण ०.००२ मिलिमीटर व्यासाच्या कणाला पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास लागतात आणि त्याहून बारीक कण त्यानंतरही तरंगत राहतात. शिवाय चुनखडीने चिकटलेले कणांचे पुंजके लवकर खाली बसतात आणि पोयट्यात मोजले जातात, तर सोडियममुळे सुटे झालेले कण पाणी गढूळच ठेवतात. प्रयोगशाळेत हे कण रसायनाने आधी वेगळे करून मगच मोजतात.

एका गावाची माती एकच, हे विधान कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला पटणार नाही, कारण बरडी, खरडी, मोरंड, काळी ही नावे विदर्भात एकाच शिवारासाठी वापरली जातात. टेकाडाच्या माथ्यावर मुरमावर वीतभर माती, उतारावर मध्यम खोलीची, आणि नाल्याकाठी पुरुषभर खोल काळी, हा क्रम मूळ खडक एकच असूनही घडतो, कारण पाणी बारीक कण वाहून खाली नेते. पूर्णा खोऱ्यात याहून अनपेक्षित चित्र दिसले आहे. जवळजवळ सपाट वाटणाऱ्या प्रदेशात थोड्याशा उंच जागी सोडियमने बिघडलेली जमीन, तर किंचित सखल जागी चांगली जमीन सापडते, कारण उंचवट्यावर पाणी थांबत नाही आणि सखल जागी ते खोल मुरते. सखल जागी क्षार साचतात हा सर्वसाधारण समज येथे उलटा ठरतो.

हवामानाचा संबंध नाही म्हणणाऱ्याने या जमिनीचे शास्त्रीय नाव तरी पाहावे. पूर्णा खोऱ्यातील बिघडलेल्या जमिनी ‘सोडिक हॅप्लस्टर्ट’ या नावाने नोंदवल्या आहेत. त्यातील ‘अर्ट’ व्हर्टिसॉलचा, आणि तो खड्ड्यातील खुणांवरून ठरतो. ‘उस्ट’ सांगतो की भेगा सर्वसाधारण वर्षात एकूण ९० किंवा अधिक दिवस उघड्या राहतात, म्हणजे तो पावसाच्या मानावरून येतो. आणि ‘सोडिक’, म्हणजे सोडियमयुक्त, हा भाग प्रयोगशाळेतून येतो. यांतला एक जरी भाग वगळला तर त्या नावाला अर्थ राहत नाही.

संदेशातील एक तक्रार मात्र मी मनाविरुद्ध का होईना मान्य करतो. माती परीक्षणाचा कागद हाती येऊनही शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये मिळून १२ घटक तपासले जातात. विनिमयक्षम सोडियम त्यांत नाही. कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकोनामागे एक नमुना असे तिचे मूळ प्रमाण होते, त्यामुळे पत्रिकेवरचा आकडा शेजाऱ्याच्या शेताचाही असू शकतो. नमुनाही वरच्या थराचा असतो, आणि या जमिनींतील बिघाड बहुधा खाली वाढत जातो. पण यावर उपाय म्हणजे अधिक नेमकी तपासणी मागणे, तपासणी सोडून लिंबू पिळणे नव्हे.

मामांना मी एवढेच सांगितले की पोती आणू नका, खड्डा घ्या. रविवारी त्यांनी एक मीटर खोल खड्डा घेतला आणि मला फोनवर छायाचित्रे पाठवली. गुडघाभर खोलीच्या खाली ढेकळांच्या बाजू घासून चकाकत होत्या, आणि त्याखाली पांढरट चुनखडीचे खडे होते. चार खोलींवरचे चार नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, विनिमयक्षम सोडियम तपासायचे आहे असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून, त्यांनी ते प्रयोगशाळेत दिले आहेत. अहवाल आल्यावर जिप्समचे ठरेल. चुन्याची पोती आणायचे त्यांनी रद्द केले आहे.